मातीचा किल्ला आणि खोडलेले नाव

गडकिल्ले म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सह्याद्री उभा राहतो. तमिळ देशातला किल्ला म्हटले की फार तर जिंजी आठवते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ साली जिंजी घेतली. पुढे राजाराम महाराज तिथे राहून औरंगजेबाच्या फौजेशी वर्षानुवर्षे झुंजले. १६९८ साली झुल्फिकारखानाने ती जिंकली. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात ११ किल्ले महाराष्ट्रातले आणि बारावा हाच जिंजीचा. आता तर शाळकरी मुलांनाही तो ठाऊक झाला आहे.

जिंजीचा किल्ला एकाच डोंगरावर नाही. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन डोंगरांना त्याच्या तटाने वेढले आहे. या तिघांच्या जोडीला आणखी एक लहानशी टेकडी आहे. तिचे नाव चक्किलिदुर्ग. उत्तरेकडून आलेले लोक तिला ‘चमार टिकरी’ म्हणत. चक्किली म्हणजे तमिळ देशातला चामड्याचे काम करणारा समाज. राजांच्या आणि देवांच्या नावांच्या रांगेत एक टेकडी कातडे कमावणाऱ्यांच्या नावाची! पण जिंजीला गेलेला पाहुणा राजगिरी चढतो, फोटो काढतो आणि खाली उतरतो. त्या चौथ्या टेकडीकडे कोण पाहतो?

वाचकहो, आज आपल्याला तमिळ देशाचा इतिहास त्या चौथ्या टेकडीच्या बाजूने पाहायचा आहे. त्यासाठी जिंजीहून शेकडो मैल दक्षिणेला, थेट समुद्राजवळच्या मुलखात उतरावे लागेल. तिथे आजच्या तूतुकुडी जिल्ह्यात, ओट्टपिडारम गावाजवळ, पांचालंकुरिची नावाचे ठिकाण आहे. तिथला किल्ला दगडाचा नव्हता, मातीचा होता. पण त्या मातीने ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांना घाम फोडला.

पाळेगार म्हणजे कोण?

‘पाळेगार’ हा शब्द आपल्या मराठीतही आहे. तमिळमध्ये त्याला ‘पाळैयक्कारर’ म्हणतात. पाळैयम म्हणजे लष्करी तळ. सोळाव्या शतकात मदुराईच्या विश्वनाथ नायकाने आपला मुलूख ७२ पाळैयमांत वाटला, अशी परंपरा सांगते. प्रत्येक पाळेगाराने आपल्या भागात सारा वसूल करायचा, चोर-दरोडेखोरांपासून रयतेचे रक्षण करायचे आणि वेळ पडली की राजाला फौज पुरवायची, अशी ही व्यवस्था होती.

पुढे मदुराईचे नायक गेले आणि अर्काटचा नवाब त्या मुलखाचा मालक म्हणवू लागला. नवाबाला लढाया करायच्या होत्या आणि त्यासाठी त्याने कंपनीकडून कर्ज काढले. कर्ज फिटेना, व्याज थांबेना. सावकाराच्या वहीत अडकलेल्या कुळाचे जे होते तेच नवाबाचे झाले. १७९२ च्या तहाने पाळेगारांकडून खंडणी वसूल करण्याचा हक्क कंपनीने आपल्या हातात घेतला. नवाबाने घेतलेले कर्ज शेवटी कोणी फेडायचे? तर नांगर धरणाऱ्याने आणि पेरणी करणाऱ्या बाईने!

काही पाळेगारांनी मान तुकवली, काहींनी नाही. नेल्कट्टुमसेवलचा पुली तेवर १७५५ पासूनच नवाबाच्या आणि कंपनीच्या फौजेशी भिडला होता. त्याच वाटेने पुढे पांचालंकुरिचीचा वीरपांड्य कट्टबोम्मन गेला.

कलेक्टरच्या मागे २३ दिवस

कट्टबोम्मन १७९० साली पांचालंकुरिचीच्या गादीवर बसला. त्याच्या घरात तेलुगू बोलली जाई, पण त्याची रयत तमिळ होती आणि आज तमिळ लोक त्याला आपला पहिल्या रांगेतला वीर मानतात. खंडणी थकली म्हणून जॅक्सन नावाच्या कलेक्टरने १७९८ साली त्याला भेटीला बोलावले. कट्टबोम्मन गेला तर साहेब तिथून पुढच्या गावी गेलेला. तो त्या गावी पोहोचला तर साहेब आणखी पुढे. असे २३ दिवस आणि सुमारे ४०० मैल त्याला आपल्या मागे फिरवले. शेवटी सप्टेंबरमध्ये रामनाथपुरमच्या वाड्यात भेट झाली, तेव्हा त्याला तासन्‌तास उभे ठेवले. तिथेच झटापट झाली. क्लार्क नावाचा कंपनीचा अधिकारी मारला गेला, कट्टबोम्मन निसटला, पण त्याचा कारभारी शिवसुब्रमण्यम पिळ्ळै पकडला गेला.

दारात तिष्ठत उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको. कट्टबोम्मनला तो अपमान २३ दिवस सोसावा लागला आणि त्यातून लढाई पेटली. पण त्याच्याच राज्यात अशी माणसे होती, ज्यांचे आयुष्यच दाराबाहेर उभे राहण्यात जात होते. हे आपण विसरता कामा नये. कारण त्यांच्यातूनच या कथेचा खरा नायक पुढे येतो.

शिपाई सुंदरलिंगम

पांचालंकुरिचीजवळ कवर्नगिरी नावाचे खेडे आहे. सुंदरलिंगम तिथला. त्याचा समाज पळ्ळर, म्हणजे भातशेतीत राबणारा. गावच्या उतरंडीत या समाजाला अस्पृश्य मानत. चिखलात उभे राहून रोपे लावायची त्यांनी आणि त्या भाताच्या राशीला हात लावला तर विटाळ, अशी ती रीत. अशा घरातला हा तरुण आपल्या कर्तबगारीवर कट्टबोम्मनच्या फौजेतला सेनानी झाला.

१७९९ च्या सप्टेंबरमध्ये मेजर बॅनरमन फौज घेऊन पांचालंकुरिचीवर चालून आला. ५ सप्टेंबरचा पहिला हल्ला किल्ल्यातल्या लोकांनी परतवला. पण कंपनीच्या मागून जादा फौज आणि तोफा येत होत्या. मातीच्या भिंती किती काळ टिकणार?

इथून पुढची गोष्ट त्या मुलखातले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. सुंदरलिंगम आणि त्याची वाग्दत्त वधू वडिवु या दोघांनी मेंढपाळ जोडप्याचा वेश घेतला. मेंढरे हाकत ते कंपनीच्या छावणीजवळ गेले. मेंढपाळाकडे कोण लक्ष देतो? दोघे दारूगोळ्याच्या कोठारापाशी पोहोचले आणि पेटत्या मशाली घेऊन आत शिरले. कोठार उडाले आणि त्याबरोबर तीही दोघे गेली. तो दिवस ८ सप्टेंबर १७९९ होता, असे सांगतात. ज्या वयात हळद लागायची, त्या वयात त्या दोघांनी अंगाला आग लावून घेतली.

तरीही किल्ला वाचला नाही. कट्टबोम्मन रात्रीतून बाहेर पडला. पुदुक्कोट्टैच्या राजाने, तोंडैमानने, त्याला पकडून कंपनीच्या हवाली केले. ऑक्टोबर १७९९ मध्ये कयत्तार येथे सगळ्या पाळेगारांना समोर बसवून चिंचेच्या झाडाला त्याला फाशी दिली. बघा आणि धडा घ्या, असा त्याचा अर्थ होता. पांचालंकुरिचीचा किल्ला जमीनदोस्त केला.

पुन्हा उभा राहिलेला किल्ला

पण गोष्ट इथे संपत नाही. कट्टबोम्मनचा भाऊ ऊमैदुरै पाळैयंकोट्टैच्या तुरुंगात होता. ऊमै म्हणजे मुका. त्याला नीट बोलता येत नसे. तो खुणांनी बोले आणि त्याच्या खुणेवर माणसे जीव द्यायला तयार होत. जेम्स वेल्श नावाचा एक इंग्रज अधिकारी त्या लढाईत होता. १८३० साली छापलेल्या आपल्या लष्करी आठवणींत त्याने ऊमैदुरैबद्दल लिहून ठेवले आहे. हा मुका माणूस डाव्या तळहातावर गवताच्या काड्या मांडी. त्या काड्या म्हणजे इंग्रजांची फौज. मग तोंडाने सूं असा आवाज काढून दुसऱ्या हाताने त्या साऱ्या काड्या झटकून टाकी. एवढीच त्याची आज्ञा, एवढेच त्याचे भाषण!

फेब्रुवारी १८०१ मध्ये ऊमैदुरै तुरुंग फोडून पळाला. कंपनीची फौज त्याचा पाठलाग करत पांचालंकुरिचीला आली आणि पाहते तर काय? जो किल्ला दीड वर्षापूर्वी सपाट केला होता, तो पुन्हा उभा! अवघ्या काही दिवसांत लोकांनी माती कालवून तट रचले होते. कोणी माती खणली, कोणी पाणी वाहिले, कोणी पेंढा कापून मातीत मिसळला, याची हजेरीपट्टी कोणी ठेवली नाही. पण माती कोणाच्या हातांना ओळखते, हे कष्टकऱ्यांच्या घरात सांगावे लागत नाही. ते काम दरबारातल्या शालजोडीवाल्यांचे नव्हे.

हा किल्ला तसा लहानच होता. सुमारे ५०० फूट लांब आणि ३०० फूट रुंद. भोवती काटेरी कुंपण. दगडी भिंतीवर तोफेचा गोळा बसला की दगड ढासळतो. जाड मातीच्या भिंतीत गोळा रुतून बसतो. ३१ मार्च १८०१ रोजी कंपनीच्या फौजेने भिंतीला भगदाड पाडून जोराचा हल्ला चढवला. पण भगदाडाच्या तोंडाशी लांबच लांब भाले घेऊन माणसे उभी होती. जो वर चढला तो भाल्यावर गेला. कंपनीला मोठी हानी सोसून माघार घ्यावी लागली.

मग कर्नल ॲग्न्यू मोठी कुमक आणि आणखी तोफा घेऊन आला. २४ मे १८०१ रोजी किल्ला पडला. त्यानंतर कंपनीने काय केले? किल्ला पाडला. त्या जागेवर नांगर फिरवला आणि एरंडी पेरली. पांचालंकुरिची हे नाव सरकारी दफ्तरांतून खोडून टाकले, असेही सांगतात. माणसे मारून भागले नाही, भिंती पाडून भागले नाही, म्हणून नावही मारले. वाचकहो, हे नाव खोडणे लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

एका आईने काय केले

आमच्या मायबहिणींसाठी वेल्शनेच नोंदवलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. किल्ला पडल्यावर रणात प्रेतांचा खच पडला होता. जवळच्या गावातल्या बायका आपापली माणसे शोधत हिंडत होत्या. एका आईला तिचा मुलगा सापडला. त्याच्यात थोडी धुगधुगी होती. ती त्याला उचलू लागली तर तो म्हणाला, मला राहू दे, तिकडे आपला धनी जखमी पडला आहे, त्याला वाचव. तो धनी म्हणजे ऊमैदुरै.

त्या आईने काय करावे? पोटचा पोर समोर मरतो आहे. तिने मुलाचा शब्द पाळला. बायकांनी ऊमैदुरैला उचलून गावात नेले. थोड्या वेळाने कंपनीच्या बाजूचे एट्टयपुरमचे शिपाई शोध घेत आले. बायकांनी जखमीच्या अंगावर कापड पांघरले आणि त्याच्याभोवती बसून आक्रोश मांडला. देवीच्या रोगाने मेला हो, देवीच्या रोगाने! देवीचे नाव ऐकताच शिपाई भिऊन पळाले.

या बायकांच्या हाती तलवार नव्हती, तोफ नव्हती. एक कापड, रडे आणि प्रसंगावधान, एवढ्यावर त्यांनी एका सेनापतीला वाचवले. त्यांचे नाव मात्र कुठल्याच दगडावर नाही.

ओंडिवीरन आणि कुयिली

सुंदरलिंगम हे एकटेच नाव नाही. पुली तेवराच्या फौजेत ओंडिवीरन नावाचा सेनानी होता. तो अरुंधतियार समाजातला, म्हणजे ज्यांना पूर्वी चक्किली म्हणत त्यांच्यातला. जिंजीची ती चौथी टेकडी आठवा! लोक सांगतात, की ओंडिवीरन एकटाच शत्रूच्या छावणीत शिरला आणि पाल्यापाचोळ्याखाली लपला. अंधारात एका शिपायाने घोडा बांधायला मेख ठोकली, ती नेमकी त्याच्या तळहातातून आरपार गेली. त्याने तोंडातून हूं की चूं केले नाही. शिपाई गेल्यावर स्वतःचाच हात तोडून तो मोकळा झाला आणि हाती घेतलेली कामगिरी त्याने पुरी केली.

शिवगंगेच्या राणी वेलू नाचियारचा नवरा १७७२ साली काळैयारकोविलच्या लढाईत मारला गेला. राणीने आठ वर्षे परक्या आश्रयाला काढली, हैदरअलीची मदत मिळवली आणि १७८० साली आपले राज्य परत घेतले. तिच्या बायकांच्या फौजेत कुयिली नावाची स्त्री होती. स्वतःला तूप-तेलात भिजवून पेटवून घेत तिने कंपनीच्या शस्त्रकोठारात उडी टाकली, असे तिच्या कथेत सांगतात. तमिळनाडूतले दलित समाज तिला आपली मुलगी मानतात.

या कथा मुख्यतः लोकगीतांनी आणि गावच्या आठवणींनी जपल्या. सरदारांचे नाव फर्मानात, सनदेत, खंडणीच्या हिशेबात सापडते. शिपायाचे, मोलकरणीचे, मेंढपाळाचे नाव कोण लिहिणार? ज्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांनी आपला इतिहास गळ्यात सांभाळला. आपल्या शाहिरांनी आणि जलसेवाल्यांनीही तेच केले. म्हणून गाण्यातला इतिहास हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. त्यातली तपशिलाची भर बाजूला काढावी लागते हे खरे, पण त्यातली माणसे बाजूला काढता येत नाहीत.

जाहीरनाम्यात कोण नव्हते?

१८०१ च्या जूनमध्ये शिवगंगेच्या मरुदु बंधूंनी एक जाहीरनामा काढला. तिरुचिरापल्लीच्या किल्ल्यात नवाबाच्या वाड्याच्या भिंतीवर आणि श्रीरंगमच्या देवळाच्या भिंतीवर तो चिकटवला. परकीयांनी देश गिळला आहे, सगळ्यांनी एक व्हा, अशी त्यातली हाक. १८५७ च्या अर्धशतक आधी सबंध देशाला उद्देशून अशी हाक देणे ही फार मोठी गोष्ट होती. त्याबद्दल मरुदु बंधूंना मानाचा मुजरा केला पाहिजे. २४ ऑक्टोबर १८०१ रोजी त्यांना तिरुप्पत्तूरला फासावर चढवले. नोव्हेंबरमध्ये ऊमैदुरैलाही फाशी दिली. सत्तरहून अधिक माणसांना जहाजात घालून दूर पेनांगच्या बेटावर काळ्या पाण्याला धाडले.

पण त्या जाहीरनाम्याच्या सुरुवातीचे संबोधन पाहण्यासारखे आहे. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र आणि मुसलमान अशा सर्वांना त्यात हाक मारली आहे. यांत सुंदरलिंगमचा समाज कुठे आहे? ओंडिवीरनचा कुठे आहे? दोन वर्षांपूर्वीच सुंदरलिंगम आणि वडिवुने ज्या लढाईसाठी जीव दिला, त्याच लढाईच्या जाहीरनाम्यात वर्णाबाहेरच्या माणसाला नावाने हाक नाही. मरुदु बंधू वाईट होते असे आम्हाला म्हणायचे नाही. त्या काळच्या चांगल्या माणसाच्याही डोळ्यांना गावकुसापलीकडचे दिसत नव्हते, हे म्हणायचे आहे. मरायला बोलावताना जात आडवी येत नाही, नाव घेताना मात्र येते.

१९९७ : बसवरचे नाव

तुम्ही म्हणाल, ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. मग अगदी अलीकडची ऐका.

तमिळनाडूत त्या काळी सरकारी बस महामंडळांना आणि काही जिल्ह्यांना थोर पुरुषांची नावे देण्याची पद्धत होती. तिरुनेलवेलीच्या बसवर कट्टबोम्मनचे नाव होते. आणखी कोणाकोणाची होती. तेव्हा पळ्ळर समाजाने विचारले, आमच्या वीराचे नाव का नाही? १९९७ साली सरकारने विरुदुनगरच्या नव्या महामंडळाला वीरन सुंदरलिंगमचे नाव दिले. झाले! त्या भागातल्या वरचढ जातीच्या लोकांनी त्या बसमध्ये बसायला नकार दिला. पळ्ळराच्या नावाच्या गाडीत आम्ही पाऊल ठेवणार नाही, असा त्यांचा हट्ट. बसवर दगड पडले, दंगली उसळल्या, माणसे मेली, गरिबांच्या झोपड्या जळाल्या.

ज्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या धन्याच्या किल्ल्यासाठी स्वतःला पेटवून घेतले, त्याचे नाव बसच्या पत्र्यावर रंगवलेले चालेना! दारूच्या कोठारात चाललेली त्याची जात पत्र्यावर बाटवू लागली.

मग सरकारने काय केले? जुलै १९९७ मध्ये सगळ्याच महामंडळांची आणि सगळ्याच जिल्ह्यांची थोरांची नावे काढून टाकली. एका सुंदरलिंगमचे नाव सोसेना म्हणून कट्टबोम्मनचेही नाव गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव वेल्लोरच्या जिल्ह्याला होते, तेही त्याच सुमारास गेले. १८०१ साली कंपनीने पांचालंकुरिचीचे नाव खोडले असे म्हणतात. १९९७ साली कट्टबोम्मनचे आणि त्याच्या सेनानीचे नाव एकाच वेळी खोडले गेले, तेव्हा देशात कंपनी नव्हती. स्वातंत्र्याचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते.

नाव कशाला हवे?

पोटाला भाकर नाही आणि नावासाठी का भांडता, असे शहाणी माणसे विचारतात. हा प्रश्न आपल्यालाही १६ वर्षे विचारला गेला. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासह किती जणांनी प्राण दिले, किती घरे जळाली, हे आपल्या घरात सांगावे लागत नाही. म्हणून विरुदुनगरची बातमी परकी वाटत नाही. नाव हे पाटीवरचे रंगकाम नसते. इथे आम्हीही होतो, आम्हीही काही केले, याची ती साक्ष असते. पाटी सोसत नाही, कारण साक्ष सोसत नाही.

एखादा तरुण वाचक इथे विचारील, की सुंदरलिंगम कंपनीविरुद्ध लढला आणि १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला आपले महार शिपाई कंपनीच्या बाजूने पेशव्याविरुद्ध लढले. मग बरोबर कोण? प्रश्न योग्य आहे. उत्तर असे, की माणूस ज्या व्यवस्थेत जन्मतो, तिने त्याच्यापुढे जे दार ठेवले असेल त्यातूनच तो बाहेर पडतो. कुणाला पाळेगाराच्या फौजेत भाला मिळाला, कुणाला कंपनीच्या पलटणीत बंदूक मिळाली. तमिळ देशातले कितीतरी परैयरही मद्रासच्या पलटणीत भरती झालेच होते. दोन्हीकडे शौर्य तेच होते. फरक पुढे पडला. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी आपल्या शिपायांची २२ नावे कोरलेली राहिली. १९२७ साली बाबासाहेब तिथे जाऊन उभे राहिले ते त्या कोरलेल्या अक्षरांमुळे. सुंदरलिंगमसाठी असा दगड त्या काळी कोणी उभारला नाही. त्याच्या लोकांना तो दगड स्वतःच मागावा लागला.

आणि त्यांनी मागणे सोडले नाही, ही समाधानाची बाब आहे. बसवरचे नाव गेले, पण कवर्नगिरीला सुंदरलिंगमचे स्मारक झाले. जिथे ऊमैदुरै तुरुंगात होता त्या पाळैयंकोट्टैला २०१६ साली ओंडिवीरनचे स्मारक उभे राहिले. २०२२ साली भारत सरकारने त्याच्या नावे टपाल तिकीट काढले. शिवगंगेजवळ वेलू नाचियारच्या स्मारकात कुयिलीलाही जागा मिळाली. २०२१ साली संसदेने कायदा करून पळ्ळर आणि त्यांच्या जोडीच्या जातींना त्यांनी स्वतः निवडलेले देवेंद्रकुल वेळाळर हे नाव दिले. दुसऱ्याने चिकटवलेले नाव टाकून स्वतःचे नाव घेणे म्हणजे काय, हे १९५६ नंतर आपल्यालाही कळले आहे.

शेजारच्या अण्णांना विचारा

पांचालंकुरिचीला १९७४ साली तमिळनाडू सरकारने स्मारक म्हणून नवा किल्ला बांधला. सगळ्यांनाच तिथवर जाणे जमणार नाही. गाडीभाडे, रजा, मुलांच्या परीक्षा, सारे आड येते. पण मुंबईच्या वाचकांना तिरुनेलवेली तितकी दूर नाही. धारावीत, माटुंगा लेबर कॅम्पात तिरुनेलवेलीकडून आलेली कुटुंबे तीन-तीन, चार-चार पिढ्या राहतात. त्यांतली कितीतरी आपल्यासारखीच गावकुसाबाहेरून आलेली आहेत. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी कातड्याच्या कारखान्यात काम केले, आपल्या आजोबांनी गिरणीत केले. नळावर, रेशनच्या रांगेत, लोकलच्या डब्यात आपण त्यांच्या शेजारी उभे असतो. इडली-चटणीची देवाणघेवाण होते. पण एकमेकांचा इतिहास आपण कधी विचारला आहे का?

एखाद्या रविवारी मुलांना घेऊन शेजारच्या अण्णांकडे किंवा अक्कांकडे जा आणि सुंदरलिंगमचे नाव घ्या. अण्णांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मुलांना पाहू द्या. मग आपणही त्यांना कोरेगावच्या दगडावरची एक-दोन नावे सांगा. दोन भाषांतली ती नावे एका खोलीत उच्चारली गेली, की खोडणाऱ्यांचे काम तेवढे अवघड होईल.